वायर की बिनवायर? डाव्या बडनं लावलेला निकाल

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका सरांनी नवा फोन घेतला आणि दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत जुना हेडफोन हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "याची पिन कुठं खुपसायची हो?" फोन उलटापालटा करून झाला, कव्हर काढून झालं. खाली एकच चपटं भोक, चार्जिंगचं. गोल भोक नव्हतंच. सरांना वाटलं, दुकानदारानं फसवलं.

फसवलं कुणी नव्हतं. पण २०२१ मध्ये माझ्यापुढं उभा राहिलेला प्रश्न आता त्यांच्यापुढं आला. वायरचाच हेडफोन कसाबसा चालवायचा, की कानात घालायचे बिनवायरचे बड्स घ्यायचे, की गळ्यातला नेकबँड? मी तिन्ही वापरलेत, तिन्हींवर पैसे घातलेत आणि शेवटी एकावर थांबलोय. माझे कान फार तयार नाहीत हे आधीच सांगून टाकतो. बेस किती, ट्रेबल किती असलं मला विचारू नका. मी परभणी-मानवत अप-डाऊन करणारा शाळेतला क्लार्क. पाऊण-एक तास जायला, तेवढाच यायला, पाथरी लाईनची एसटी, खडखडणाऱ्या काचा. त्या गाडीत ज्यातून ऐकू येतं आणि ज्यातून माझं बोलणं समोरच्याला कळतं, ते माझ्या लेखी चांगलं.

ते गोल भोक गेलं कसं, हे थोडक्यात सांगतो, कारण सरांचा राग दुकानदारावर निघाला तो चुकीच्या माणसावर निघाला. साडेतीन मिलिमीटरची ही पिन ट्रान्झिस्टरच्या जमान्यातली. तिची थोरली बहीण त्याहून जुनी, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेल्या बाया बोर्डावर खुपसायच्या ती जाड पिन. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि धाकटी पिन घरोघर गेली. मग २०१६ च्या सप्टेंबरात ॲपलनं आयफोन ७ मधून ते भोक काढून टाकलं आणि कारण देताना व्यासपीठावरून चक्क 'धैर्य' हा शब्द वापरला. त्याच कार्यक्रमात त्यांनी स्वतःचे एअरपॉड्सही दाखवले, हा योगायोग ज्याचा त्यानं समजून घ्यावा. गूगलनं त्याच वर्षी आपल्या पिक्सेलच्या जाहिरातीत 'आमच्याकडे जॅक (ते गोल भोक) आहे' म्हणून चिमटा काढला आणि २०१७ च्या पिक्सेल २ मधून तो गुपचूप काढला. सॅमसंगनंही थट्टा केली आणि २०१९ च्या नोट १० मध्ये तेच केलं. आत जागा होते, बॅटरी मोठी बसते, पाणी शिरत नाही अशी कारणं दिली जातात आणि ती खोटी नाहीत. गंमत एवढीच की स्वस्तातल्या बऱ्याच फोनांना ते भोक अजून आहे. पैसे जास्त मोजले की भोक जातं.

आता वायरचं.

वायरनं मला छळलं नाही असं म्हणणार नाही. खिशातून काढली की तिची सुतळी झालेली. एसटीत शेजारच्या माणसानं कोपर हलवलं की कानातून बोंड निसटणार. शर्टाला घासली की कानात खरखर. आणि तो सगळ्यांना ठाऊक असलेला रोग : सहा-आठ महिन्यांनी पिनेजवळ वायर आतून तुटते आणि एका कानाचा आवाज जातो. मग पिन एका विशिष्ट कोनात धरून, श्वास रोखून बातम्या ऐकायच्या. परभणीत स्टेशन रोडच्या बाजूला एक पोरगा तीस-चाळीस रुपयांत नवी पिन सोल्डर करून देतो. एक हेडफोन मी त्याच्याकडून तीनदा जिवंत करून घेतला.

ही वायर आवडत होती म्हणून मी धरून नव्हतो. दुसरं काही लागतं असं वाटलंच नव्हतं. २०२१ मध्ये फोन बदलला, भोक गेलं, आणि सेलमध्ये बाराशेला बड्स घेतले.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं, हे प्रामाणिकपणे लिहायलाच हवं. फोन पिशवीत, हात मोकळे, गाडीत उभं राहून जायची वेळ आली तरी एका हातानं दांडी धरायची आणि कानात भजन चालू. डबी शर्टाच्या खिशात मावायची. घरात बायकोनं ते बघितले आणि दुसऱ्या महिन्यात तिच्यासाठीही आणावे लागले, कारण भाकरी थापताना पिठाचे हात फोनला लावता येत नाहीत आणि वायर परातीत पडते. तिचा मुद्दा बिनतोड होता, आजही आहे. एकदा तिनं आरडाओरडा केला, "माझं कानातलं हरवलं!" सगळं घर पलंगाखाली शिरलं, सासूबाईंना तर घाम फुटला. हरवला होता बड. सोन्याचे झुबे कपाटात जागच्या जागी होते. तेव्हापासून आमच्यात त्याला 'कानातलं' म्हणायची बंदी आहे.

तर बड्स चांगलेच होते. मग बिघडलं काय? मला फक्त एका गोष्टीनं बड्सवरून उठवलं. ती जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात ती कुणी सांगत नाही.

बड्सच्या डबीत आत बारीक बारीक पिवळे ठिपके असतात, तेवढेच ठिपके बडच्या दांडीवर. दोन्ही टेकले की बड चार्ज होतो. पण ते ठिपके नुसते चार्जिंगला नसतात. 'मी डबीत परत आलो' हे बडला बहुतेक वेळा त्यांच्यामुळंच कळतं. वीज लागली की तो समजतो, मालकाचं काम झालं, आणि फोनशी जोडलेला संबंध तोडून गप्प बसतो. आता आपल्याकडचं हवामान बघा. मार्चपासून घाम, मे महिन्यात पारा ४३-४४ वर, रस्त्याच्या कामांची धूळ, त्यात कानातला मळ. वर्ष-सव्वा वर्षात डाव्या बडच्या ठिपक्यांवर हिरवट-काळा थर धरला. डोळे बारीक करून बघितल्याशिवाय दिसत नव्हता. त्यामुळं डावा बड डबीत ठेवला तरी त्याला वाटायचं, आपण बाहेरच आहोत. तो आत अंधारात जागा राहायचा आणि माझ्या फोनला धरून बसायचा.

पहिल्यांदा मला नुसतं एवढंच कळलं की सकाळी डावा मेलेला असतो आणि उजवा शंभर टक्के. मी म्हटलं, बॅटरी गेली असेल. खरा खेळ कॉल आल्यावर कळला.

२०२२ चा ऑक्टोबर, दिवाळी तोंडावर. परतीचा पाऊस जायचं नाव घेत नव्हता. गावाकडं सोयाबीन कापून गंजी घातलेली, मळणीयंत्रवाल्याची वाट बघत. शेत धाकटा भाऊ बघतो. मी रविवारी जातो आणि जाऊन बहुतेक वेळा त्याच्या कामात खोडा घालतो. त्या आदल्या रविवारी मी ताडपत्री धुवून वाळवली आणि शेतातल्या आखाड्यावर परत ठेवायच्या ऐवजी चुलत्यांच्या ओसरीत ठेवली. सांगायचं राहून गेलं. ही माझी चूक, पुढचं वाचताना ती ध्यानात राहू द्या.

बुधवारी संध्याकाळी मानवतच्या स्टँडवर उभा होतो. बड्स डबीत, डबी पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात. धाकट्याचा फोन आला. उचलला, कानाला लावला, नुसती शांतता. "हॅलो... हॅलो..." काही नाही. स्टँडवर रेंजची बोंब असते म्हणून चार पावलं पुढं गेलो. बंद केला, परत आला, परत तेच. तिसऱ्यांदा मीच लावला. एरवी फोन कानाला लावला की पडदा विझतो. पण ब्लूटूथ जोडलेलं असलं की माझ्या फोनात तो तसाच पेटलेला राहतो. त्यामुळं गालानं कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि कॉल होल्डवर गेला. हे सगळं मला नंतर उमजलं. त्या क्षणी मी फक्त टॉवरला शिव्या घालत होतो.

तेवढ्यात गाडी लागली. चढलो, जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेतली. ड्रायव्हर अजून यायचा होता, इंजीन बंद. परत धाकट्याचा फोन. उचलला. शांतता. शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, त्या माझ्याकडं नाही, माझ्या पिशवीकडं बघत होत्या. म्हणाल्या, "बाळा, तुह्या पिशवीत कोन बोलायलंय?"

डबी काढली. झाकण उघडलं. डाव्या बडमधून डासासारखा बारीक आवाज येत होता, "दादा... आरं दादा... ताडपत्री कुठं ठिवलीस..."

तोवर वीस-पंचवीस मिनिटं गेली होती आणि तिकडं पावसाची सर येऊन गेली होती. गंजीचा वरचा थर भिजला. सगळं गेलं असं नाही, पण सोयाबीनला बाजारात बारा टक्के ओलाव्याचं माप धरतात, आणि आमचा माल यंत्रावर अठराच्या पुढं गेला. आडतीवर कडता (कपात) लागला. किती लागला ते मी लिहीत नाही, घरात तो आकडा अजून निघतो. धाकट्याचं म्हणणं, "ताडपत्री हलवलीस तू, आन् दोष डबीला देतूस." त्याचं खरं आहे. पण त्यानं तीन वेळा फोन केला होता आणि तिन्ही वेळा त्याचा आवाज माझ्यापासून वीतभर अंतरावर एका प्लॅस्टिकच्या डबीत वाजत होता, हेही खरं आहे.

यावर उपाय नाहीत असं नाही, आणि मी सगळे केले. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून ठिपके पुसले, खोडरबर घासलं. आठवडा बरा जायचा. फोनच्या ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये त्या बड्सच्या नावापुढं 'कॉल' आणि 'मीडिया' अशी दोन बटणं असतात. त्यातलं 'कॉल' बंद केलं की कॉलचा आवाज फोनवरच राहतो. हे फार कामाचं आहे, बड्स वापरणाऱ्यानं जरूर करून बघावं. पण मग गाडीत बड्सवरून बोलता येत नाही आणि मी ते निम्मे बोलायलाच घेतले होते. शेवटचा उपाय म्हणजे गरज संपली की ब्लूटूथच बंद करायचं. महिनाभर केलं. रोज दहा वेळा वरून पडदा ओढायचा, बटण दाबायचं. एक दिवस विसरलो आणि शाळेतून आलेला मुख्याध्यापकांचा फोन घरी बायकोच्या ओट्यावर पोचला, कारण तिचे बड्सही मी एकदा माझ्या फोनला जोडून बघितले होते आणि त्या दिवशी मी घरातच दुसऱ्या खोलीत होतो. मुख्याध्यापक वेतन बिलाचं विचारत होते आणि ती म्हणाली, "साहेब आंघोळीला गेलेत." मी तिथंच दारात 'हॅलो हॅलो' करत उभा.

तर माझा मुद्दा एवढाच आहे. वायर खुपसली की आवाज कुठं जातोय ते डोळ्याला दिसतं. उपटली की आवाज फोनवर येतो. मध्ये कुणी ठरवणारा नाही. ज्या माणसाला गावाकडून, दवाखान्यातून, पोरीच्या होस्टेलवरून कधीही फोन येऊ शकतो त्याला ही खात्री मोलाची वाटते. तुम्हाला तसे फोन येत नसतील तर हा मुद्दा तुमच्या तराजूत पासंगाइतकाच राहील आणि मग तुम्ही बड्सच घ्या, मी आडवा येणार नाही.

आवाजाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, नाहीतर जाणकार म्हणतील हा फक्त ताडपत्रीचंच रडतोय. गाणी ऐकताना मला बड्स आणि वायर यांत फरक कळत नाही. कळणाऱ्यांना कळत असेल. फरक कळतो तो बोलताना. ब्लूटूथ नुसतं ऐकवताना वेगळ्या पद्धतीनं आवाज नेतं आणि माइक चालू झाला की दुसऱ्या, दोन्ही बाजूंच्या पद्धतीवर उतरतं. त्या दुसऱ्या पद्धतीत जुन्या यंत्रांत सेकंदाला आवाजाचे आठ हजार नमुने घेतले जातात, त्यानंतरच्यांत सोळा हजार. गाण्याच्या सीडीत ४४,१०० असतात, त्यावरून अंदाज करा. म्हणून गाणं ऐकता ऐकता कॉल घेतला की सगळा आवाज एकदम हौदात पडल्यासारखा होतो. त्यात बडचा माइक कानापाशी, तोंडापासून चार बोटं लांब. वायरचा माइक हनुवटीखाली लोंबतो, नको असेल तर बोटानं तोंडाजवळ धरता येतो. माझ्याकडं मोजायचं यंत्र नाही, वसमतची आक्का आहे. तिला एकदा एसटीतून आधी बड्सवर आणि मग वायरवर फोन लावला. बड्सवर म्हणाली, "कुठल्या हिरीत उतरलास?" वायरवर तिनं थेट विचारलं, "जेवलास का?" माझ्यासाठी चाचणी तिथं संपली.

मात्र महाग बड्समध्ये वारा अडवणारे माइक चांगले असतात असं ऐकतो. मी दोन हजारांच्या वर गेलेलो नाही, तेव्हा त्यांच्याविषयी बोलायचा मला अधिकार नाही.

बॅटरीचं दुखणं तुम्हाला माहीत आहेच. बडातली बॅटरी हरभऱ्याच्या दाण्याएवढी. दोन-तीन वर्षांत पाच तासांचे दोन तास होतात आणि तो सोल्डरवाला पोरगाही हात जोडतो, "काका, हे उघडत नसतंय." ऊन लागलं की लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते, त्यामुळं मे महिन्यात गाडीच्या डिकीत डबी ठेवू नका, एवढंच सांगून पुढं जातो.

माझी लेक लातूरला नीटची तयारी करते. तिनं बड्स घेतलेत आणि ती सोडायला तयार नाही. तिच्या अभ्यासिकेत ओळीनं टेबलं, प्रत्येकाच्या कानात काही ना काही. वायर असली की पान उलटताना वही-वायर-पाण्याची बाटली असा गुंता होतो म्हणे. तिचा फोन दिवसभर 'डू नॉट डिस्टर्ब'वर, आमचा कॉल रात्री नऊला ठरलेला. म्हणजे माझा मुख्य आक्षेपच तिला लागू नाही. तिची तक्रार वेगळीच : नवीन फोनला जोडायला गेलं की यादीत एकाच नावाचे सात बड्स दिसतात, कारण निम्म्या अभ्यासिकेनं एकाच सेलमध्ये तेच मॉडेल घेतलंय. एकदा तिचा फिजिक्सचा तास शेजारच्या मुलीच्या कानात गेला. मी म्हटलं, बघ, हेच मी सांगत होतो. ती म्हणाली, "पप्पा, तिलाही तोच चॅप्टर करायचा होता." परीक्षेच्या हॉलमध्ये यातलं काहीच आत नेता येत नाही, वायर असो की ब्लूटूथ, त्यामुळं तिथं हा वाद मिटतो.

धाकट्याकडं नेकबँड आहे आणि शेतकऱ्यानं काय घ्यावं हे मी त्याच्यावर सोडतो. पाठीवर फवारणीचा पंप असताना वायर पट्ट्यात अडकते, हे त्यानं मला करून दाखवलं. बड पडला तर कापसाच्या ओळींत सापडत नाही. नेकबँड गळ्यात राहतो, दोन्ही बोंडं लोहचुंबकानं एकमेकांना चिकटतात, आणि त्याच्या मॉडेलमध्ये चिकटली की ब्लूटूथ तुटतं. म्हणजे त्याला छातीकडं नजर टाकली की कळतं, आवाज इथं येणार की फोनवर. माझी जी अडचण होती ती नेकबँडनं बरीचशी सोडवलीय, हे कबूल करायला हवं. मळ लागायला ठिपके नाहीत, चार्जिंग साध्या वायरनं. शेतपंपाची थ्री-फेज लाईट आमच्याकडं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या पाळीत हरभऱ्याला पाणी द्यायला जाताना तो एकच बोंड कानात घालतो, दुसरा कान सापा-किरड्यासाठी आणि मोटारीच्या आवाजासाठी उघडा. हे बाकी कुठलंही यंत्र घेतलं तरी कराच.

आता वायरकडं परत जायचं ठरवलं तर त्यातही खड्डे आहेत, आणि सरांना मी मुख्यतः हेच समजावून सांगितलं. चार्जिंगच्या चपट्या भोकात (टाइप-सी) बसणारा आणि गोल भोक देणारा एक कन्व्हर्टर मिळतो. दिसायला सगळे सारखे, आतून दोन जाती. एकात नुसत्या तारा असतात. फोन स्वतः आवाज तयार करून त्या तारांवर सोडेल अशी अपेक्षा. तसं सगळेच फोन करत नाहीत. दुसऱ्यात छोटी चिप असते, ती फोनकडून आकडे घेऊन आवाज बनवते. तुमचा फोन पहिल्या जातीला साथ देत नसेल तर शंभर रुपयांचा कन्व्हर्टर लावल्यावर मुंगीएवढाही आवाज येणार नाही आणि दुकानदार म्हणेल, 'तुमच्या फोनमध्येच प्रॉब्लेम आहे'. मला एकानं अगदी हेच ऐकवलं होतं. 'डॅक' (म्हणजे ती चिप) असलेलाच मागा, हाच शब्द वापरा. काही फोनांत आधी सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी (बाहेरचं यंत्र फोनला जोडायची सोय) चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. 'काल चालत होता, आज मेला' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्मे या ओटीजीचेच बळी.

मी कन्व्हर्टरच्या भानगडीतून बाहेर पडून सरळ टाइप-सी पिनेचाच हेडफोन घेतला, साडेसहाशेला. चिप त्यातच असते. दोन वर्षं होत आली.

त्याचे तोटे? चार्जिंग आणि हेडफोन एका वेळी चालत नाही, भोक एकच. गाडीत बॅटरी दहा टक्क्यांवर आली की फोन जगवायचा की बातम्या ऐकायच्या हे ठरवावं लागतं. फोन खिशात असताना पिन वाकते आणि त्याचा ताण चार्जिंगच्या भोकावर येतो. ते ढिलं झालं तर त्याची दुरुस्ती हेडफोनपेक्षा महाग. मी फोन उलटा, पिन वर करून खिशात ठेवतो, सवय लागली. गोल पिनेच्या वायरवर एफएम लागायचं, कारण वायरच अँटेनाचं काम करायची. टाइप-सीवर माझ्या फोनात ते लागत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं फोन कंपन्यांना एफएमची सोय बंद ठेवू नका असं कळवलं होतं खरं, पण भोकच नसेल तर काय लागणार. आकाशवाणी मी आता ॲपवर ऐकतो आणि पेडगावच्या पुढं रेंज तुटली की निवेदक अर्ध्या वाक्यात थांबतो.

आणि हो, वायर अजूनही गुंतते. पिनेजवळचं दुखणं टाइप-सीलाही होतंच, फक्त तो सोल्डरवाला म्हणतो की ही पिन त्याच्यानं होत नाही. म्हणजे तुटला तर नवा. हे मला खटकतं, पण साडेसहाशेत दोन वर्षं आणि वर्ष-सव्वा वर्षात रुसलेले बाराशेचे बड्स असा हिशोब मी मनात करतो आणि गप्प बसतो.

बड्स टाकून दिलेले नाहीत. डावा कपाटात आहे, उजवा सकाळी दूध आणायला जाताना कधी तरी कानात असतो. एकटाच उजवा मोनोत छान चालतो.

सरांनी विचारलं, "मग मी काय घेऊ?" मी त्यांना तीन प्रश्न विचारले. घरी म्हातारी माणसं आहेत का? आहेत. फोन दिवसातून किती वेळा वाजतो? मोजत नाहीत इतक्यांदा. ब्लूटूथ बंद करायचं लक्षात राहील का? ते हसले. तेव्हा मी म्हटलं, माझ्या मते टाइप-सीची वायर घ्या, तिचा अगदीच वैताग असेल तर चिकटल्यावर बंद होणारा नेकबँड. बड्स घ्यायचेच असतील तर वहिनींसाठी घ्या, भाकऱ्यांच्या वेळी उपयोगी पडतात. पण मी सांगतो म्हणून नको, दुकानात स्वतःच्या फोनला लावून एक कॉल करून बघा, तोही दाराबाहेर रस्त्यावर उभं राहून. दुकानदार कुरकुरतो, करू दे.

मी माझा घेतला तेव्हा तसंच केलं होतं. गांधी पार्कच्या गर्दीत उभं राहून धाकट्याला फोन लावला आणि विचारलं, नीट ऐकू येतंय का. तो म्हणाला, "येतंय की. पन ताडपत्री आता मी माझ्याच खोलीत ठिवायलोय, दादा."